पी ०५०० आला म्हणून लगेच सेन्सर घेऊ नका

पी ०५०० हा गाडीच्या वेगाच्या सिग्नलबद्दलचा दोषाचा कोड घेऊन कुणी दुकानात आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डॅशबोर्डवरच्या मीटरचा, म्हणजे वेगाचा, काटा हलतो का? बऱ्याच जणांना सांगता येत नाही. मोबाइलवर कोड वाचलेला असतो, ‘व्हेइकल स्पीड सेन्सर’ एवढे शब्द कुठेतरी सापडलेले असतात आणि हातातल्या पिशवीत नव्या सेन्सरची डबी असते. ‘मेस्त्री, तुम्ही फक्त बसवून द्या.’ बसवून देतो की, त्याचेच पैसे घेतो मी. पण काटा बघितल्याशिवाय नाही.

मी कराडजवळ मलकापूरला हायवेलगत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. टॅक्सी, शाळेच्या व्हॅन, घरच्या मोटारी, कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर. वेगाच्या तक्रारीच्या गाड्या पावसाळ्यात जास्त येतात. ज्याला मल्टीमीटर धरता येतो आणि जॅक लावल्यावर खाली घोडी (गाडी पेलणारा स्टँड) ठेवायची शिस्त आहे, त्याला पुढचं सगळं घरी करता येईल. ज्याला जमणार नाही त्याने निदान पहिला भाग वाचावा, म्हणजे गॅरेजमध्ये काय विचारायचं ते कळेल.

कोड काय सांगतो

ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, रस्ता दिसत नसतो. त्याला इंजिनचे आरपीएम दिसतात, ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते दिसतं, इंजिनवर किती लोड आहे ते कळतं. हे सगळं चालत्या गाडीसारखं आहे आणि वेग मात्र शून्य, असं काही सेकंद राहिलं की तो पी ०५०० टाकतो. नेमकी अट गाडीगणिक वेगळी असते. म्हणजे हा ईसीएमने काढलेला निष्कर्ष आहे: वेग माझ्यापर्यंत पोचत नाही. कुठे अडला, हे त्यालाही माहीत नाही. सेन्सर, त्याला फिरवणारा गिअर, कपलर (वायरींचा जोडणारा सॉकेट), वायर, फ्यूज, मीटर, एबीएसचं (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्यूल, म्हणजे कंट्रोल बॉक्स, यांपैकी कुठेही अडू शकतो.

भावंडंही ओळखून ठेवा. पी ०५०१ म्हणजे वेग येतोय पण पटण्यासारखा नाही. पी ०५०२ म्हणजे सिग्नल कमी, पी ०५०३ म्हणजे तुटक किंवा उड्या मारणारा. ‘यू’ ने सुरू होणारे कोड मॉड्यूलमधल्या बोलण्याचे. यू ०१२१ म्हणजे एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला. ‘सी’ चे कोड चाकांकडचे. सी ००३५ डावं पुढचं चाक, ००४० उजवं पुढचं, ००४५ डावं मागचं, ००५० उजवं मागचं. पी ०५०० सोबत यांतला एखादा असेल तर आधी त्याच्या मागे लागायचं. बऱ्याचदा पी ०५०० हा फक्त रडणारा असतो, मार दुसऱ्यालाच लागलेला असतो.

म्हणून कोड पुसायची घाई करू नका. सगळे कोड कागदावर उतरवा. फ्रीज फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची नोंद, तीही लिहून घ्या: आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती तापलेलं. फ्रेममध्ये २२०० आरपीएम, चांगला लोड आणि वेग शून्य दिसला तर गाडी पळत असताना सिग्नल नव्हता हे पक्कं. पुसलं की हा पुरावा गेला.

गाडीची लक्षणं मालकालाच विचारावी लागतात. काटा शून्यावर, किलोमीटर पुढे सरकत नाहीत, सिग्नलला गाडी थांबताना इंजिन बंद पडतं, दरवाजे आपोआप लॉक व्हायचे ते थांबले, स्टिअरिंग पार्किंगला जड किंवा हायवेला नको इतकं हलकं, ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना धक्का देते. हे सगळं एकाच वेळी सुरू झालं का, ते महत्त्वाचं. गाडी आदल्या दिवशी वॉशिंगला गेली होती का, खालून कोटिंग मारून घेतलं का, म्युझिक सिस्टिम बसवली का, तेही विचारा. वॉशिंगचा प्रेशर पंप आणि अंडरबॉडी कोटिंगचा फवारा या दोन गोष्टी माझं निम्मं दुकान चालवतात.

काटा एकीकडे, स्कॅनर दुसरीकडे

आता शेजारी माणूस बसवा आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या. स्कॅनरवर, म्हणजे कोड वाचायच्या यंत्रावर, लाइव्ह डेटामध्ये वेग लावा. स्वस्तातलं ईएलएम ३२७ ॲडॉप्टर यासाठी पुरतं. मोबाइलवर जीपीएसचा वेगही चालू ठेवा. काट्याचा वेग जीपीएसपेक्षा थोडा जास्तच दिसतो, कंपन्या तसा ठेवतात. स्कॅनरचा आकडा जीपीएसच्या जवळ हवा. मोबाइलकडे बघायचं काम शेजारच्याचं, तुमचं नाही.

काटाही मेलेला आणि स्कॅनरवरही शून्य असेल तर मुळाशी जायचं: सेन्सर, त्याचा सप्लाय, अर्थ किंवा सामायिक वायर. काटा छान चालतोय पण स्कॅनरवर शून्य असेल तर नवा सेन्सर घेणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण सेन्सर काम करतोय हे काट्याने सांगितलंच. मीटर ते ईसीएम ही वायर बघा. उलट, स्कॅनरवर वेग बरोबर आणि काटा मेलेला, तर मीटर किंवा त्याच्याकडे जाणारी वायर. आणि काट्यासोबत एबीएसचा, स्टिअरिंगचा असे दिवे एकदम लागले असतील तर खालचा जुन्या गाड्यांचा भाग सोडून थेट एबीएसच्या भागावर या.

एवढ्यात तुमची गाडी कुठल्या जातीची तेही ठरतं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या बिनएबीएसच्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सवर बसवलेल्या सेन्सरवरून येतो. एबीएसच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सवर तसा सेन्सर नसतोच. चार चाकांचे सेन्सर एबीएसला सांगतात आणि एबीएस बाकीच्यांना कॅनच्या, म्हणजे मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या, दोन वायरींवरून कळवतं. नसलेल्या सेन्सरसाठी दुकानं पालथी घालणारे लोक मी पाहिलेत.

गिअरबॉक्सवरचा तीन वायरचा सेन्सर

हा बहुतेक हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाच्या बदलावर चालणारा सेन्सर असतो. एक वायर सप्लायची, एक अर्थ, एक सिग्नल. सिग्नलच्या वायरीवर व्होल्टेज ईसीएम किंवा मीटर स्वतःच देतं आणि सेन्सर ते ठराविक अंतराने अर्थला खेचतो. एवढं डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे.

कपलर काढा. आधी डोळ्यांनी बघा. पिनवर हिरवट गंज, आत पाणी, किंवा तेल? सेन्सरची ओ-रिंग गेली की गिअर ऑइल वर चढून कपलरमध्ये येतं. पिन आत ढकलली गेलीय का, वायर कपलरच्या तोंडाशी तुटलीय का, उंदराने सोललीय का. हे बघायला पैसे लागत नाहीत आणि बरेचसे फॉल्ट इथेच सापडतात.

मग चावी ऑन, इंजिन बंद, कपलरच्या वायरिंगकडच्या बाजूला मल्टीमीटर लावा. सप्लायच्या पिनवर बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत. काही गाड्यांत ५ असतात, ते वायरिंग डायग्राममध्ये बघून घ्या. नसतील तर फ्यूज. अर्थ तपासताना मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी अर्थच्या पिनला लावा, बॅटरीचे पूर्ण व्होल्ट दिसले पाहिजेत. तिसरी सिग्नलची पिन: इथे ५ किंवा बॅटरीच्या जवळपास व्होल्ट स्थिर दिसायला हवेत. शून्य असेल तर वायर मधे तुटली किंवा अर्थला चिकटली. मधलाच काहीतरी आकडा दिसला तर त्या वायरीला आणखी कोणीतरी लटकलंय, त्याचं पुढे सांगतो.

तिन्ही बरोबर असतील तर कपलर परत लावा, सिग्नलच्या वायरीला मागून टाचणी सरकवा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक वर, गिअर न्यूट्रल, पुढचं एक चाक जॅकवर आणि खाली घोडी. (पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं सांगतोय.) चाक हाताने हळू फिरवा. व्होल्ट वर-खाली, वर-खाली व्हायला हवेत; असा एक चढ-उतार म्हणजे एक पल्स. एकच चाक फिरतंय आणि दुसरं जमिनीवर आहे, तेव्हा डिफरन्शियल निम्म्याच वेगाने फिरतं. जपानी वळणाच्या पुष्कळ गाड्यांत जुनं प्रमाण असं की मीटरच्या केबलचे किलोमीटरला ६३७ फेरे आणि सेन्सरच्या एका फेऱ्याला ४ पल्स, म्हणजे किलोमीटरला २५४८ पल्स. त्या हिशेबाने हाताने फिरवलेल्या चाकाच्या एका फेऱ्यात दोनेक पल्स पडतात. इतका मंद वेग स्कॅनरवर शून्यही दिसू शकतो, त्यामुळे या वेळी विश्वास मल्टीमीटरवर ठेवा. चाक जोरात फिरवलं तर मल्टीमीटर सरासरी काढतो आणि ५ व्होल्टच्या लाइनवर अडीचच्या आसपास रेंगाळतो, तेही चांगलंच लक्षण. मल्टीमीटरवर हर्ट्झ (सेकंदाला किती पल्स) असेल आणि गाडी चालवून मोजलं, तर याच प्रमाणाने ताशी ६० ला साधारण ४२ हर्ट्झ यावेत.

पल्स येत नाहीत? सेन्सर बाहेर काढा, कपलरला जोडलेलाच ठेवा, चावी ऑन करून त्याचा दांडा बोटाने फिरवा. आता पल्स आले तर सेन्सर ठणठणीत आहे आणि नायलॉनचा गिअर झिजलाय किंवा घसरतोय. तरीही आले नाहीत, तर मात्र ती पिशवीतली डबी उघडा.

सेन्सर काढून वायर आणि ईसीएम तपासायची एक जुनी युक्ती आहे. कपलर सुटा, चावी ऑन, सिग्नलच्या पिनला एक वायर जोडायची, तिचं दुसरं टोक अर्थला जोडलेल्या कानशीवर भराभर घासायचं. सेन्सर जे करतो तेच आपण करतोय. काटा उडी मारतो, स्कॅनरवर आकडा येतो. दोन्हीपैकी एकच हलला तर दुसऱ्याकडे जाणारी वायर गेलेली. मात्र सिग्नलचीच पिन आहे याची मीटरने खात्री करा. चुकून सप्लायची वायर कानशीवर लागली तर फ्यूज उडणार. दोन वायरच्या सेन्सरवर ही युक्ती अजिबात नको.

टॅक्सी असेल तर आधी पायाखाली बघा

भाड्याच्या गाड्यांचं दुखणं वेगळंच असतं. त्यांना ताशी ८० चा स्पीड गव्हर्नर असतो, जीपीएस ट्रॅकर असतो, शहरातल्या काळ्या-पिवळ्यांना भाड्याचं इलेक्ट्रॉनिक मीटर असतं. यांतल्या काहींना वेग लागतो आणि तो घ्यायचा कुठून, तर त्याच एका सिग्नलच्या वायरीवरून. बसवणारा घाईत असतो. वायर सोलली, दुसरी गुंडाळली, वर टेप मारली, पुढची गाडी.

कराड–स्वारगेट करणारी एक टॅक्सी अशीच आली होती. दुसरीकडे नवा सेन्सर घालून झालेला, तरी काटा मधेच पडायचा, आणि तोही पावसातच. ड्रायव्हर म्हणाला, ‘मामा, ऊन असलं की एकदम ओके.’ कपलर काढून सिग्नलच्या पिनवर मोजलं तर ५ यायच्या जागी दीडच्या आसपास, आणि आकडा तरंगतोय. गव्हर्नरचा कपलर सोडवला, तरी तसंच. मग ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली. क्लचच्या वर, बाजूच्या पॅनेलच्या आत गव्हर्नरसाठी काढलेला जोड, टेप सुटलेली, तांबं हिरवं पडलेलं. ओल्या चपलांचं पाणी रोज तिथे जात होतं आणि सिग्नल तिथूनच थोडा थोडा बॉडीत गळत होता. जोड कापला, साफ तांबं मिळेपर्यंत वायर मागे घेतली, सोल्डर केलं, हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि वायर वरच्या बाजूला बांधली. लगेच पाच व्होल्ट.

तर मधला आकडा दिसला की सेन्सर विसरून जा आणि बाहेरून जोडलेली एकेक वस्तू सोडवत मोजत चला. ज्याला सोडवल्यावर व्होल्ट वर जातात तो चोर. कोणालाच सोडवून फरक पडला नाही तर जोड तपासा. गव्हर्नर मात्र तपासण्यापुरताच सोडवा. तो कायद्याने सक्तीचा आहे. तोच बिघडला असेल तर अधिकृत एजन्सीकडून दुरुस्त करून घ्या, नाहीतर पासिंगला गाडी अडकेल.

एबीएसवाल्या गाड्या

इथे साध्या ॲडॉप्टरचं काम संपतं, कारण त्यावरची बरीच ॲप फक्त इंजिनचेच कोड वाचतात. एबीएसमध्ये शिरणारा स्कॅनर लागतो. चारही चाकांचे वेग एकाच स्क्रीनवर लावा, सरळ रस्त्यावर २०–३० ने चालवा आणि मग हळूहळू थांबा. चारही आकडे हातात हात घालून उतरले पाहिजेत. एक कायम शून्य, तर वायर तुटलेली किंवा सेन्सर गेलेला. एक बाकीच्यांच्या आधीच शून्यावर पडतो, तर सेन्सर आणि त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगमधलं अंतर वाढलंय, मधे गंज आहे किंवा लोखंडाचा कीस चिकटलाय.

सेन्सरचे दोन प्रकार. जुने, स्वतः वीज तयार करणारे: यांचा रेझिस्टन्स मोजता येतो, बऱ्याच गाड्यांत हजार-दोन हजार ओहमच्या आत-बाहेर, आणि चाक फिरवलं की एसी व्होल्टवर मीटर हलतो. यांच्यासमोर दात्यांची रिंग असते, पुष्कळदा ॲक्सलच्या टोकावर. रत्नागिरी-मालवणकडून किंवा गोव्यातून आलेल्या गाड्यांत मी आधी ही रिंग बघतो. खाऱ्या हवेने तिच्याखाली गंज फुगतो आणि रिंग तडकते. मग एका फेऱ्याला एक पल्स चुकतो आणि पी ०५०१ किंवा ०५०३ सारखे कोड येतात.

नवे सेन्सर चालायला वीज मागतात. वायरी दोनच, पण सिग्नल करंटवर चालतो: साधारण ७ मिलिॲम्पिअर आणि १४ मिलिॲम्पिअर यांच्यात उड्या. यांना ओहमवर मीटर लावू नका; काही कळणार नाही आणि सेन्सर खराब होऊ शकतो. कपलर काढून, चावी ऑन करून गाडीच्या बाजूला सप्लाय येतो का तेवढं बघा. चावी ऑन केल्या केल्या मोजा, कारण सेन्सर सापडला नाही की काही मॉड्यूल थोड्या वेळाने सप्लायच बंद करतात.

या गाड्यांत रिंग दिसत नाही. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाचे पट्टे असतात. व्हील बेअरिंग बदलल्यानंतर लगेच एबीएसचा दिवा लागला, तर बेअरिंग उलटं प्रेस झालंय असा संशय पहिला घ्यायचा. प्रेस करण्याआधी साधी टाचणी दोन्ही बाजूंना लावून बघा; चुंबकाची बाजू तिला हलकेच ओढते आणि ती बाजू सेन्सरकडे हवी. त्या बाजूवर हातोडा नको, आणि जोराचं चुंबक तर जवळही आणू नका.

चारही चाकांचा वेग गायब आणि सोबत यू ०१२१ असेल, तर चारही सेन्सर एकदम मेले असं समजणं वेडेपणाचं. मॉड्यूलचा सप्लाय, अर्थ किंवा कॅन. इंजिनच्या फ्यूज बॉक्समध्ये एबीएसचे मोठे फ्यूज असतात आणि चावीवरचा एक छोटा. सगळे मीटरने तपासा, नुसते डोळ्यांनी नाही. अर्थ तपासताना चावी ऑन ठेवून मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल मॉड्यूलच्या अर्थला: ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा नट खोला, गंज घासा.

कॅनसाठी बॅटरी काढून ठेवा आणि डायग्नोस्टिक सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतो त्याच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२०–१२० ओहम असतात, म्हणून ६० च्या आसपास हवेत. १२० आले तर एक टोक तुटलं, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. सॉकेट आणि बाकी मॉड्यूलच्या मधे गेटवे (मध्यस्थ मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत मात्र हा आकडा फक्त सॉकेट ते गेटवे एवढंच सांगतो. इथपर्यंत सगळं बरोबर निघालं आणि तरी मॉड्यूल बोलत नसेल, तर हात थांबवा. मॉड्यूल बदललं की कोडिंग (नव्या मॉड्यूलला गाडीची माहिती भरणं) लागतं, ब्रेकची हवा काढावी लागते. ते घरी करायचं काम नाही.

दुरुस्तीनंतर, आणि जुनी गाडी घेताना

कोड पुसा, गाडी चालवा, मधे ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच घरंगळू द्या, कारण काही गाड्या तेव्हाच वेग तपासतात. कोड पुसला नाही तरी सलग तीन वेळा दोष न दिसता गाडी चालली की इंजिनचा दिवा आपोआप विझतो. मेमरीतली नोंद जायला इंजिन ४० वेळा तापून थंड व्हावं लागतं.

सिग्नल नसताना गाडी कितीही पळाली तरी किलोमीटर वाढत नाहीत. याचा फायदा घेऊन कपलर काढून गाड्या फिरवणारे महाभाग आहेत, आणि अशा गाड्या पुढे ‘फक्त ४० हजार रनिंग’ म्हणून विकल्या जातात. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा स्कॅनर न्या. दिवा लागल्यापासून किती किलोमीटर चालली आणि किती मिनिटं चालली, असे दोन वेगळे आकडे बऱ्याच गाड्या देतात. किलोमीटरचा हिशेब वेगावरून होतो, मिनिटांना वेग लागत नाही. मिनिटं काही हजार आणि किलोमीटर शून्याच्या जवळ दिसले, तर बोनेट उघडा आणि वेगाच्या सेन्सरच्या कपलरवर ताज्या बोटांचे ठसे किंवा तुटलेलं लॉक आहे का ते बघा. भाव त्यानंतर बोला.